घाई नही शे

दोंडाईच्यात मिरची पथारीवर आली
की आमच्या स्टुडिओत सगळेच शिंकतात,
भटू बाहीने नाक पुसतो, त्याच बाहीने फळा.

एक नंबर साहेबांचा वाढदिवस, कालच हवा होता.
मग ठिबकवाले, त्यांचे पैसे आगाऊ आलेत.
योगिता म्हणते, आधी अहिराणी कॉमेडी,
शुक्रवार कुणाच्या बापासाठी थांबत नाही.
खाली लग्नं, एकमेकांच्या उरावर.

सातवर हिलाल अप्पा.
पोराच्या हळदीचं चार तासांचं शूटिंग,
त्यातून हवी फक्त बायको, आता नसलेली.
"दोन मिन्टं निंघतीन ना भो? घाई नही शे."

घाई नाही म्हणणारा
दर सोमवारी एक घर खाली येतो.
आषाढात अप्पा तीनवर होते.

काल रात्री रेंडर त्रेसष्ट टक्क्यांवर
आणि लाइट गेली.
इन्व्हर्टरवर एकच मशीन चालतं.
कुणी काही बोललं नाही.
योगिता चार तास पुढे पुढे सरकवत राहिली,
थांबली:
तोंडात घास, अप्पांची बायको
कॅमेऱ्याला हातानेच म्हणतेय, हो बाजूला.

भटू म्हणाला, हे कापू नको.

फळ्यावरचा सात पुसायचा राहिला.
सकाळी साहेबांचे नऊ मिस्ड कॉल.