सहाव्या दिवशी

हिव पडतं त्या सकाळी यायचं नसतं.
लायल ट्रेगेन्झाचा फोन आला तेव्हाच मी म्हटलं, थांब.
गहू मेला की नाही
हे गव्हालाही लगेच कळत नाही.

त्या सकाळी तर तो नेहमीपेक्षा हिरवा दिसतो.
पात्यांच्या कडांना साखर,
चालताना बुटांखाली कुरकुर,
आणि नऊच्या उन्हात
काही झालंच नव्हतं असं सगळं.

पाच दिवस त्याने काय केलं ते मर्ना सांगते:
तीनदा ट्रॅक्टर धुतला.
रात्री उठून व्हरांड्यातला थर्मामीटर बघत राहिला,
जो आपलं सांगून केव्हाच मोकळा झाला होता.

आज आम्ही माथ्यावरून खाली निघालो आहोत.
या शेताला अजून पिअर्सचं शेत म्हणतात.
पिअर्स ते विकून गेला त्याला साठ वर्षं झाली.
सप्टेंबर, म्हणजे इथला वसंत.
सॅमन गमच्या फांद्यांवर गुलाबी पोटाचे गाला
भांडण उकरून काढतायत.
माझ्याकडे एक भिंग, एक ब्लेड,
आणि रेघा मारायला वही.

माथ्यावर गहू फुलोऱ्यात आहे.
नखाने तूस उघडते: तीन परागकोश,
पिवळे, टपोरे, नुकते जागे झालेले.
लायल श्वास सोडतो.
मी अजून सोडत नाही.
थंडी पाण्यासारखी असते,
रात्रभर उतार शोधत जाते.

अर्ध्या उतारावर:
पिवळे. पिवळे. पांढरे.
पांढरे म्हणजे कणीसारखे, कोरडे, आखडलेले.
पुढचं फूल. पांढरे.
फूल उमललंय वेळेवर,
द्यायला काही नाही त्याच्याकडे.

तळाशी माती भारी,
म्हणून पेरणी इथूनच सुरू केली होती, एप्रिलमध्ये.
सगळ्यात देखणा गहू हाच. दाणा चिकात आलेला.
चिमटीत धरून दाबला.
पांढरं दूध यायला हवं होतं.
आलं पाणी, गढूळ, वाळल्या काडीच्या रंगाचं,
आणि बोटांना वास
भिजून पडलेल्या पोत्याचा.
वरच्या पेराजवळ काडीला एक फिकट कडं,
अंगठी काढल्यावर बोटावर राहतं तसं.

तीस ओंब्या मोजल्या. गेलेल्या सव्वीस.
"अजून तीस मोज."
मोजल्या. सत्तावीस.
"अजून."
तीसच पुरतात, हे त्यालाही माहीत आहे.
मी गुडघे टेकून पुन्हा मोजते. अठ्ठावीस.
मग तो काही म्हणत नाही.

कुंपणाकडेला एक पट्टा आहे, दोन माणसं रुंद.
एप्रिलमध्ये पेरणीयंत्राची नळी तुंबली होती तिथे.
दीड महिन्याने लक्षात आलं,
तेव्हा शिव्या घालत हातानेच फेकलं बी,
आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने
गाडी हळू करून ते ठिगळ बघून घेतलं.
ठिगळ अजून गुडघ्यालाही लागत नाही.
आत्ता कुठे कांडी धरतंय.

एक रोप उपटते. काडी उभी चिरते.
अगदी खाली, जमिनीच्या जरा वर,
मुंगीएवढी ओंबी:
फिकट हिरवी, ताठ,
ब्लेडच्या टोकाला टचकन लागणारी.
भिंग त्याच्या हातात देते.
तो बराच वेळ बघतो.
"नळी तुंबली म्हणून," म्हणतो,
आणि हसतो, आवाज न करता, खांदे हलवून.

गुरुवारच्या आत कापलं तर निदान चारा होईल.
नंतर नुसती काडी. हे मी सांगते.
तो मान हलवतो, कुत्र्याला हाक मारतो.

वर गाडीपाशी मर्ना थर्मासचं झाकण फिरवतेय.
"किती?" ती विचारते.
लायल शर्टाच्या खिशातून
ती चिरलेली काडी काढून तिच्या तळहातावर ठेवतो,
आणि ओंबी कुठे आहे ते करंगळीने दाखवतो.

नव्वदातल्या एक्याऐंशी माझ्या वहीत आहेत.
चहा होऊ दे, मग सांगेन.