अंदाजे बासष्ट किलो

नितेश घरतनं ड्रम हातानं फिरवला, कान लावला.
"बेअरिंग गेलंय, काकी.
पूर्वी नुसतं बेअरिंग बदलायचो, चारशे रुपयांत.
आता टब कंपनीतूनच चिकटवून येतो, उघडत नाही.
अख्खा घ्या. नऊ हजार. तोही मिळाला तर."
किती वर्षं झाली?
अकरा, मी म्हटलं. दिवाळीत बारावं लागेल.
"मग शेवटची दोन तिनं फुकट काढली."

फुकट हा शब्द घरात राहिला, तो गेल्यावरही.

ती आली तेव्हा हे मसाला मार्केटला होते, वाशीत.
रात्री घणसोलीत दार वाजलं
की मिरचीची पूड आधी आत यायची, मग हे.
पोरं शिंकत शिंकत पाढे म्हणायची.
बनियनला हळद, टॉवेलला हळद,
आणि साबण लागला की सगळं लाल.
मोरीत बसून घासायचे मी,
मग रात्रभर बोटं दुधाच्या वाटीत.

बोर्डाचा बोनस झाला त्या वर्षी
यांनी विचारलं नाही, सांगितलंही नाही.
चौथ्या मजल्यावर स्वतःच्या पाठीवर घेऊन आले.
दुकानाची दोन पोरं
रिकाम्या हातानं मागून जिना चढली.
टेकवून म्हणाले, "बासष्ट किलो.
गोणीपेक्षा बारा जास्त."
घाम पुसला तो टॉवेल पहिल्या धुण्यात गेला.
मी स्टूल घेऊन काचेसमोर बसले,
लाल पाणी, केशरी पाणी, मग नुसता फेस.
दाराचं रबर जे रंगलं ते शेवटपर्यंत.

यांची कंबर तिच्या आधी गेली.
नवव्या वर्षी. चौथा आणि पाचवा मणका.
तिथंही एकानं फोटो उजेडात धरून
असंच काहीसं सांगितलं होतं,
नुसती चकती बदलून भागणार नाही.
हे घरी बसले. कपडे पांढरे राहायला लागले.
मशीन आठवड्यातून दोनदाच.
मला वाटलं, आता टिकेल.
"तसं नसतं, काकी," नितेश म्हणाला,
"पडून राहिलेली लवकर जाते."
हे गॅलरीत पेपर वाचत होते.
पान उलटलं नाही.

भंगारवाल्यानं खाली नेऊन मागचा पत्रा उचकटला.
आतून सिमेंटचे दोन ठोकळे निघाले, बाकदार,
ते त्यानं भिंतीकडं लोटले.
उरलेलं काट्यावर. "एकोणचाळीस."
हे कठडा धरत धरत चार मजले उतरले होते.
"बासष्ट," म्हणाले.
"काका, सिमेंटला भाव नसतो."
"कशाला असतं मग आत?"
"हलू नये म्हणून. नाहीतर फिरताना घरभर चालली असती."
हे बराच वेळ ठोकळ्यांकडं बघत होते.
"वर नेलं तेव्हा तेही मीच नेलं होतं की."
त्यानं पैसे मोजले. एकोणचाळीसचेच.

एक ठोकळा कुणीतरी उचलला.
दुसरा अजून गेटपाशी आहे,
शेडगे उतारावर रिक्षा लावतात
तेव्हा चाकाखाली सरकवतात.

नवी परवा आली. दोघांनी आणली,
प्रत्येक मजल्यावर टेकवत.
कार्डावर लिहिलंय, मोटरला दहा वर्षं,
बाकी सगळ्याला दोन.
हे दारात उभे होते, हात मागं बांधून.
पोरं दमून पाणी प्यायली, गेली.
मग यांनी एका कोपऱ्याला तळवा लावला,
जरासं उचलून पाहिलं, मी नको म्हणेपर्यंत.
"अठ्ठावन्न," म्हणाले.