एक काना

खुर्ची मी आता भिंतीला टेकवून ठेवते,
बसणाऱ्याला दार दिसेल अशी.
हे कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही.
डगल पीट्री नावाचा माणूस पाठीमागच्या दाराकडे
सारखी मान वळवून बघायचा, त्याच्यामुळे कळलं,
आणि तेही उशिरा.
त्याला मी विचारलं होतं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"
साधा प्रश्न. फॉर्मवरही आहे, सहाव्या पानावर.
त्याने टोपी उचलली, थँक्यू म्हणाला,
आणि जिना उतरून गेला तो गेलाच.
त्याची फाइल खालच्या खणात आहे.
दर मार्चमध्ये मर्डो म्हणतो, काढून टाकू या.
मी म्हणते, बघू.

आज इशबेल कारगिल.
डंडीतलीच, हिलटाउनच्या चढावरची.
हातात पावाच्या दुकानाची पिशवी
आणि पिशवीत एकोणीस महिन्यांची खाकी पाकिटं,
एकही न फोडलेलं.
"फोडायला हवी होती, ठाऊक आहे," ती बसायच्या आधीच म्हणाली,
म्हणजे कुणीतरी आधीच रागावून झालं होतं.
मी म्हटलं, "एक तू फोड, एक मी."
थकबाकी. शेवटची सूचना. शेवटची सूचना.
शेवटच्या सूचनेनंतरची सूचना.
मध्येच दातांच्या डॉक्टरचं कार्ड:
बऱ्याच दिवसांत आपली भेट नाही!
ती खुदकन हसली, आणि लगेच तोंडावर हात.

किटलीचं बटण खट्‌कन उडालं
तेव्हा ती अशी आक्रसली
की मी उठून वायरच काढली भिंतीतून.
थंड पाणी प्यालो दोघी.
खिडकीबाहेर टे नदीवरचा पूल
धुक्याने अर्धा खाल्लेला.

फॉर्मला तारीख हवी असते. दिवस, महिना, वर्ष.
"बाथरूमच्या फरश्या निळ्या होत्या तेव्हा,"
ती म्हणाली. "नंतर त्याने बदलल्या."
चौकटी आठ, प्रत्येकीत एकच आकडा मावतो.
मी बाजूला, समासात लिहिलं: नक्की आठवत नाही,
आणि न आठवणं हाही त्याच दुखण्याचा भाग.

आमचं आधी ठरलं होतं:
नको वाटलं तर करंगळी उचलायची, कारण सांगायचं नाही.
दोनदा उचलली.
दोनदा आम्ही पूल बघितला.
दुसऱ्या वेळी बराच वेळ.
मुदत उद्या पाचची, आणि घड्याळ माझ्या पाठीमागे,
ते मी मुद्दाम तिथे लावलंय. तरी ऐकू येत होतं.

मग वाचून दाखवलं, हळू, तिचं तिला.
"...आणि मी जिन्यावरून पडले."
करंगळी नाही. सगळा हात वर आला.
"पडले नाही," ती म्हणाली.
एवढंच.
पुढचं मी विचारलं नाही.
पेन तिच्याकडे सरकवलं.
तिने माझा शब्द खोडला, त्याच्यावर दुसरे लिहिले,
तिच्या भाषेत त्याला जास्त शब्द लागतात.
माझ्या भाषेत, मी मनात लिहून पाहिलं,
फक्त एक काना:
पडले. पाडले.
एवढीशी उभी रेघ,
आणि तेवीस वर्षं ती कुणी तिला देऊ केली नव्हती.
मीसुद्धा नाही, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत.

सही करताना तिने त्याचं आडनाव
अर्ध्यावर सोडलं. चालतं ते. मी फोन करून विचारलं,
बेचाळीस मिनिटं बासरी ऐकली, चालतं म्हणाले.

निघताना पिशवीत तीन पाकिटं उरली होती.
"ही पुढच्या मंगळवारी," ती म्हणाली,
"तोवर तुझ्याकडे राहू देत.
घरी असली की रात्रभर जागी असतात."
पिशवीची नीट चौकोनी घडी करून
ती तेवढी बरोबर घेऊन गेली.

पाकिटं खालच्या खणात ठेवली मी,
डगल पीट्रीच्या फाइलवर,
आणि किटली परत लावायची राहिली ती
मर्डोने चहा मागेपर्यंत.