दात्यांखाली

हरिपूर रोडच्या भंगारवाल्यानं
वजनावर दिलं हे मशीन.
अकरा किलो भरलं.
पुराचा गाळ धरला नाही म्हणाला, उपकार केल्यासारखं.

तीन दिवस रॉकेलमध्ये.
चौथ्या दिवशी चाक सूतभर हललं.
शिकलगार मास्तर ओरडले,
"जोर लावशील तर मोडशील. चहा पिऊन ये जा."

पट्टी उघडली.
दात्यांखाली कृष्णेचा गाळ, वाळून भेगाळलेला,
त्याखाली तेलात थिजलेला धाग्यांचा भुसा.
चिमट्यानं थर सोडवत गेलो:
खाकी,
मग कुणाच्या परकराचा जांभळा,
मग पुन्हा खाकी, बरीच वर्षं खाकीच,
एका जागी नखाएवढी जर.

सोनेरी वेलबुट्टी कधीच उडालेली.
कंपनीचं नाव अर्धं.
उलटं केलं तर पोटाखाली खिळ्यानं कोरलेलं,
"हौसाक्का. हप्ते फिटले."

बाकी सगळं निघालं.
नवा पट्टा, नवी सुई, शटल मिरजेहून.
टाक्याचा स्क्रू तेवढा
तिनं ठेवला तिथंच गंजून बसलाय.
मास्तर म्हणतात, कापून काढू.
बघू म्हणतो मी.

सध्या रुमालाला दुमड घातली
तरी खाकीचा टाका पडतो.