फाईल वर गेलीय

मुलाखतीला तिघं होते.
मधल्या सरांनी चहावर बशी झाकली, विचारलं,
पब्लिक पॉलिसीच का?

बाहेरच्या बाकावर आम्ही उत्तरं वाटून घेतली होती.
हर्मीन म्हणणार होती, देशासाठी काहीतरी.
ओवेसचं इकॉनॉमिक्स दीड टक्क्यानं हुकलेलं,
पण तो म्हणणार होता, समग्र दृष्टी.
(हा शब्द माझा. बदल्यात त्यानं पेन दिलं.)
आणि पार्ल्याचा तो उंच मुलगा,
त्याला फक्त गणित नको होतं.
आमच्यातला तोच खरा.

मी म्हणाले, सर, मला ‘वर’ बघायचंय.
वर? कुठे वर?

मग सांगावं लागलं.
मानखुर्दला आमच्या गल्लीचा नळ
मी तिसरीत असताना मंजूर झाला.
मंजूर झाला म्हणजे आला नाही.
महिन्यातून एका मंगळवारी आई हाफ डे टाकून
वॉर्ड ऑफिसला जायची, मला न्यायची,
कारण मला वाचता येत होतं.
खिडकीतल्या लोखंडेबाई वाईट नव्हत्या,
एकदा मला लिमलेटची गोळीसुद्धा दिली.
पण उत्तर ठरलेलं:
फाईल वर गेलीय.

एका मंगळवारी, आई रांगेत असताना,
मी वर गेले.
पहिल्या मजल्यावर जन्म-मृत्यू.
दुसऱ्यावर कुत्र्यांचे परवाने
आणि टेबलावर डोकं ठेवून झोपलेला एक माणूस.
पुढे जिना अरुंद होत गेला,
मग गच्ची.
गच्चीवर पाण्याची टाकी होती,
भरून वाहत होती.
मी ओंजळभर प्यायले, खाली आले,
आईला म्हणाले, वर कोणी नाही.
आई म्हणाली, हळू बोल.

कडेच्या मॅडम हसल्या नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.
सर म्हणाले, ठीक आहे दीक्षा,
तुझा अर्ज आम्ही वर पाठव—
आणि थांबले.
बशी उचलली. पुन्हा ठेवली.

दुसऱ्या वर्षाला, प्रोजेक्टच्या निमित्तानं,
फोर्टातल्या एका रेकॉर्ड रूममध्ये
मला ते परिपत्रक सापडलं.
पान तीन, मुद्दा सात:
‘अशा वस्त्यांना शक्यतो नळजोडणी देण्यात यावी.’

शक्यतो.
तीन अक्षरं.
प्लंबर भिंतीला कान लावून गळती शोधतो
तशी मी त्या शब्दापाशी वाकले.
आमची नऊ वर्षं, आईचे एकशे आठ हाफ डे,
निळे कॅन, माझा उतरलेला डावा खांदा,
सगळं तिथे मावत होतं
आणि वर जागा उरत होती.

कोणीतरी तो शब्द घातला असणार.
संध्याकाळी, घाईत,
किंवा दयेनंही असेल,
तो नसता तर अख्खं वाक्यच उडवलं असतं कोणी.
हे मला वर्गात शिकवलं.
त्यामुळे आता धड रागावताही येत नाही.
फीमध्ये हेही धरलेलं असतं,
प्रॉस्पेक्टसमध्ये लिहीत नाहीत.

झेरॉक्स घरी नेली.
आई भांडी घासत होती, नळाखाली,
हो, आला नळ शेवटी, मी बारावीत असताना,
सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी शक्यतो.
हात पुसून बसली. मी वाचून दाखवलं.
दोनदा वाचायला लावलं तिनं.
मग म्हणाली, कुणी लिहिलं हे?

नाव नव्हतं.
एक गोल गोल सही,
तिच्याखाली एकच शब्द, ‘करिता’,
पुढचा शिक्का उमटलेला नव्हता.

आईनं त्यावर ओलं बोट ठेवलं.
ही करिता कोण गं?
अजून आहे का ती नोकरीत?