दोन बोटं जागा

भिशी माझ्या नावावर निघाली तेव्हा
पाकिटात अकरा हजार होते.
दीड हजार दूधवाल्याकडे आणि वाण्याकडे वळले,
उरले साडेनऊ.
साडेनऊत काय येतं
ते मी तीन महिने बघत होते.

चुनाभट्टी ते दादर, सहा किलोमीटर आणि थोडं वर.
शेअर रिक्षा, मग बस, मग चालत,
रोजचे चव्वेचाळीस रुपये,
आणि मस्टरवरचे लाल शेरे वेगळे.
(मी चष्म्याच्या काचा घासते.
पाव नंबर चुकला तरी
कुणाला तरी घरचा जिना तिरका दिसतो.)

काळबादेवीत पोरगा म्हणाला, ताई, ही घ्या,
डिस्क ब्रेक, एकवीस गिअर, सस्पेन्शन, वर बाटली फ्री.
मी म्हटलं, रोड बाइक हवी. बारीक टायरची,
एडक्याच्या शिंगांसारख्या हँडलची.
तो म्हणाला, ही पण रोडवरच चालते.
खरंच होतं ते.
उचलून पाहिली.
आमच्या चार मजल्यांना लिफ्ट नाही.
ठेवली.

मग माटुंग्याला, कॉफीच्या दुकानावरच्या घरात
विश्वेश्वरन यांची निळी.
काय निळी होती!
मला आठ हजारात,
कारण त्यांचा गुडघा गेला होता
आणि मुलगी म्हणत होती, बाल्कनी मोकळी करा.
मी पाय टाकून उभी राहिले, टाचा उचलून.
मधल्या दांड्यात आणि माझ्यात
कागद सरकला नसता.
सीट खाली घेऊ, मी म्हटलं.
सीट येईल, ते म्हणाले, दांडा नाही येणार.
होईल सवय.
ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,
तुम्ही गिऱ्हाइकाला असंच सांगता का,
काचेबद्दल?

मी निळी सोडली.
हँडलची पट्टी घामाने काळी पडलेली,
त्यांच्याच मुठींच्या जागी.
कॉफी पाजली त्यांनी, आणि कुर्ल्याचा एक फोन नंबर दिला.

मुश्ताकच्या शेडमध्ये ती भिंतीला टेकून होती,
उतू गेलेल्या चहाच्या रंगाची. पोलादी.
कुणीतरी घरच्या ब्रशने रंगवलेली,
रंगात ब्रशचा एक केस अडकलेला.
डावा गिअर मोडका, मागचे सात चालू.
मी चाक फिरवलं, एक डोळा मिटला,
ब्रेकच्या रबरापाशी नजर लावली.
दर फेरीला, त्याच एका जागी, लचक.
मिलिमीटर. सव्वा.
जाईल ही? जाईल, तारा आवळू.
आणि ही चीर?
रंगाची आहे, नखाने खरवडून बघा.
खरवडली. रंगाचीच होती.
मग पाय टाकून उभी राहिले.
टाचा जमिनीवर.
वर दोन बोटं जागा.

भाव करताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं.
मला जमलं नाही, दोनशे जास्त गेले.
पाच हजार सातशे.
टायर-ट्यूब अठराशे, ब्रेकच्या वायरी दोनशे ऐंशी,
कुलूप साडेसहाशे
(एवढ्या सायकलीला एवढं कुलूप? मी विचारलं.
चोर रंग बघत नाही, मुश्ताक म्हणाला),
हेल्मेट नऊशे, मागचा लाल दिवा एकशेवीस.
पन्नास उरले. मडगार्ड राहिलं.
रात्री ती स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारी उभी होती
आणि मी पाण्याला उठले तेव्हा
अंधारात शिंगांना धडकले.

सोमवारी सायनपाशी गटाराची जाळी आली,
फटी रस्त्याच्याच दिशेने लांब,
बारीक चाक गिळायला आ वासून.
आडवं काढलं.
पुढे किंग्ज सर्कलचा सिग्नल लाल.
मागे टँकर फुसफुसत थांबला.
दोन्ही ब्रेक. सीटवरून पुढे सरकले,
आणि उजवा पाय,
सगळा, टाचेसकट,
डांबरावर.