एकतिसावं नाणं

तमालेच्या बाजारात तियुम्बा सायकल टेकवायचा.
आई शिआच्या लोण्यात बरबटलेले हात
कमरेच्या कापडाला पुसून एक सेडी द्यायची.
तो कार्डावरच्या चौकोनात फुली मारायचा.
एकतीस चौकोन. तीस आईचे, एक त्याचा.
फेब्रुवारीत कसं, मी एकदा विचारलं.
म्हणाला, फेब्रुवारी माझ्या कार्डावर नसतो, पोरी.

व्याज शून्य. उलट आपलेच पैसे सांभाळायला
आपणच पैसे मोजायचे.
त्यातूनच आईची बिया भरडायची चक्की आली,
आणि माझी शाळेची फी.

मग बँक आली, काचेची.
आता मी तिच्या तिसऱ्या टेबलावर बसते,
गळ्यात पट्टा, पट्ट्यात माझाच फोटो.

परवा अक्राहून दोघं आले आलेख घेऊन.
एक रेघ कर्जाची, एक उत्पन्नाची,
दोन्ही वर निघालेल्या, बहिणींसारख्या हात धरून.
कोण कुणाला ओढतंय, एवढंच त्यांना हवं होतं.
आधी बँक, की आधी भरभराट?
मी म्हटलं, आधी तियुम्बाची सायकल.
हसले. टिपून मात्र घेतलं नाही.
त्या रेघेतलं सगळ्यात मोठं कर्ज
राजधानीतल्या दुकानगाळ्यांना गेलंय,
शटर अजून एकदाही वर गेलेलं नाही,
रेघ मात्र चढली.

आज सनातू आली. दुसरी चक्की हवी आहे तिला.
तारण? मी विचारलं, विचारावंच लागतं.
तिनं रबरानं बांधलेला गठ्ठा टेबलावर ठेवला,
सतरा वर्षांची कार्डं, तेलकट, कडा मऊ झालेल्या.
एका महिन्यात अकरा चौकोन कोरे.
माझं बोट तिथं थांबलं.
"मुलगा गेला तेव्हाचे," ती म्हणाली.
पुढच्या महिन्याच्या चौकोनांत
दोन-दोन फुल्या होत्या. मी मोजल्या. अकरा.

आमच्या अर्जात पत नावाचा रकाना आहे,
दोन बोटांएवढा.
त्यात ते अकरा बसेनात.
समासात लिहिले, बारीक अक्षरात.
साहेब खोडतील बहुतेक.

दुपारी खिडकीखाली घंटी वाजली.
पट्टा खिशात कोंबून मी खाली गेले.
तियुम्बाचा गुडघा आता वाकत नाही,
सायकल तो नुसती ढकलत आणतो.
मी नाणं दिलं.
माझ्या कार्डावरची आजची
एकोणिसावी.